एकच ड्रॉइंग, तीन संगणक, तीन तऱ्हेच्या प्रिंट : प्लॉटर सेटिंगचा घोळ मुळापासून कसा काढला

गेल्या जुलैत सिन्नरच्या साइटवरून सुपरवायझरचा फोन आला. “ताई, फुटिंगच्या सेक्शनमध्ये आकडे हॅचखाली गेलेत. सळ्यांचं अंतर १३० आहे का १५०?” मी माझ्या संगणकावर तेच ड्रॉइंग उघडलं. आकडा स्वच्छ १५० दिसत होता आणि काँक्रीटचा हॅच, म्हणजे आत भरलेल्या रेषा, फिकट करडा. मग त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोटोतल्या कागदावर तोच हॅच काळाभोर होता, ‘५’चं पोट रेषांनी भरून गेलं होतं, आणि सगळ्यात बारीक यायला हवी ती ग्रिडची रेषा सळईइतकी जाड आली होती. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलं ते शीट त्या वेळी सळई बांधणाऱ्या माणसाच्या हातात होतं. सुपरवायझरनं अंदाजानं काम पुढे रेटलं नाही, थांबून फोन केला, हे त्यांचे उपकार.

ड्रॉइंग बरोबर होतं. रिव्हिजनही बरोबर होती. चूक फक्त प्रिंटमध्ये होती. ते शीट आमच्याकडच्या नव्या मुलानं काढलं होतं आणि त्याचा संगणक आदल्याच आठवड्यात फॉरमॅट झाला होता.

मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात कॅडचं, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करण्याचं, काम पाहते. आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर अशी दोन्ही कामं आमच्याकडे होतात. नऊ संगणक, मोठी शीट छापणारा एक ३६ इंची रोल प्लॉटर, एक ए३ लेझर प्रिंटर, आणि घाईच्या दिवशी बाहेरचं प्लॉटिंग सेंटर. ‘माझ्याकडे वेगळं येतंय, सरांकडे वेगळं येतंय’ ही तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी यायचीच. आम्ही दरवेळी त्या दिवसापुरतं निभावून न्यायचो. ज्याच्याकडे बरोबर येतंय त्याच्या संगणकावरून सीटीबी फाइल (कोणत्या रंगाची रेषा किती जाड आणि किती गडद छापायची ते सांगणारी) पेन ड्राइव्हवर घ्यायची, दुसऱ्याकडे चिकटवायची, प्रिंट काढायची आणि पुढच्या कामाला लागायचं. सिन्नरच्या फोननंतर मी दोन शनिवार बसून हे मुळापासून तपासलं. आमच्याकडे ऑटोकॅड आहे, म्हणून खाली तेच धरून लिहिते.

ड्रॉइंगमध्ये साठतं ते फक्त नाव

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. आपण लेआउटला, म्हणजे छापायच्या शीटच्या मांडणीला, पेज सेटअप देतो, त्यात प्लॉटर निवडतो, कागद निवडतो, सीटीबी निवडतो, आणि समजतो की हे सगळं ड्रॉइंगमध्ये जमा झालं. तसं होत नाही. ड्रॉइंगमध्ये सीटीबीचं नाव साठतं, पीसी३चं (प्लॉटरच्या सेटिंगच्या फाइलीचं) नाव साठतं. आत काय आहे ते त्या त्या संगणकावरच्या फाइलीत असतं. कोणत्या रंगाला किती जाडी, कोणत्या रंगाची छटा किती टक्के, प्लॉटरचा ड्रायव्हर कोणता, हे सगळं बाहेर. म्हणजे दोन संगणकांवर एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली असल्या, तर ऑटोकॅड एका अक्षरानंही तक्रार न करता दोन वेगळ्या प्रिंट काढून देतं.

जुने ड्राफ्ट्समन अजूनही याला ‘पेन सेटिंग’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पेन प्लॉटरच्या काळात लाल रंग म्हणजे एक नंबरचं पेन, पिवळा म्हणजे दोन नंबरचं, आणि पेनाच्या टोकाची जाडी हीच रेषेची जाडी. रंगावरून जाडी ठरवायची ती सवय सीटीबीत जशीच्या तशी उतरली. सीटीबी, पीसी३ आणि लेआउट ही सगळी व्यवस्था १९९९ साली आलेल्या ऑटोकॅड २०००पासूनची आहे.

यातली आणखी एक फाइल पीएमपी. तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आपण बनवलेले कागदाचे आकार, छापता येणाऱ्या जागेतले बदल आणि कॅलिब्रेशन तिच्यात असतं. तिनं आम्हाला सगळ्यात जास्त छळलं, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आणि या फाइली राहतात कुठे? प्रत्येक वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या आत, रोमिंग, ऑटोडेस्क, मग ऑटोकॅडची आवृत्ती, असं खोल कुठेतरी. वापरणारा बदलला की फोल्डर वेगळा. आवृत्ती बदलली की फोल्डर वेगळा. आमच्या नऊ संगणकांवर मिळून मला या फाइलींचे चौदा फोल्डर सापडले, आणि ऑफिसच्या मुख्य सीटीबीच्या एकाच नावाखाली पाच वेगवेगळ्या फाइली. एकीत आठ नंबरच्या करड्या रंगाला ४० टक्के छटा होती, एकीत ६०, आणि फॉरमॅट झालेल्या संगणकावर कुणीतरी जुन्या ई-मेलमधून उतरवून घेतलेली, तिच्यात पूर्ण १००. सिन्नरचा काळा हॅच तिथून आला.

आधी निदान, मग औषध

दोन संगणक शेजारी घ्या, एकच लेआउट दोन्हीकडे उघडा आणि प्लॉटची खिडकी आणा. सीटीबीच्या नावाशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की सीटीबीचा एडिटर उघडतो. त्याच्या ‘जनरल’ या पहिल्याच पानावर फाइलीचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. आधी तो वाचा. दहापैकी नऊ वेळा तिथेच उत्तर मिळतं: एकाकडे सर्व्हरचा मार्ग, दुसऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या खात्यातला. मार्ग वाचून झाला की ‘कॅन्सल’ करूनच बाहेर या. ‘सेव्ह अँड क्लोज’ला हात लावू नका, नाहीतर तपासता तपासता एक सहावी फाइल तयार होईल.

सीटीबी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत नाही, कारण ती आतून आवळून साठवलेली असते. दोन फाइली सारख्या आहेत का हे पाहायचं तर दोन एडिटर समोरासमोर उघडून शंका असलेल्या रंगांची जाडी आणि छटा ताडून पाहावी लागते. मी १ ते ९ आणि २५० ते २५५ एवढेच रंग ताडले. आमचं नव्वद टक्के काम त्यांतच आहे.

कागद आधीच साइटवर गेला असेल आणि तो कुठून निघाला हेच कळत नसेल, तर पुढच्या वेळेसाठी प्लॉट स्टॅम्प चालू करा. शीटच्या कडेला बारीक अक्षरात फाइलीचं नाव, तारीख-वेळ, लॉगिनचं नाव आणि प्लॉटरचं नाव छापून येतं. आम्ही डावीकडच्या बाइंडिंगच्या पट्टीत तो छापतो. कुणाला पकडायला म्हणून हे केलेलं नाही. नऊ जणांना ‘तू काढलंस का’ विचारत फिरण्यापेक्षा सरळ त्या संगणकापाशी जाता येतं.

काही लक्षणं मात्र वेगळ्या आजाराची असतात आणि ती या घोळात मिसळली की माणूस दिवसभर फिरत राहतो. पेज सेटअपच्या यादीत तुमची सीटीबी दिसतच नाही, नुसत्या एसटीबी (रंगाऐवजी नावावर चालणाऱ्या तशाच फाइली) दिसतात, तर फाइल हरवलेली नाही. ते ड्रॉइंगच नावांच्या प्लॉट स्टाइलवर चालणारं आहे. ‘पीस्टाइलमोड’ टाइप करून पाहा: १ आलं तर रंगावर चालतं, ० आलं तर नावावर. बदलायचं तर ‘कन्व्हर्टपीस्टाइल्स’ ही आज्ञा आहे, पण आधी मूळ ड्रॉइंगची प्रत बाजूला ठेवा.

मोनोक्रोम, म्हणजे सगळं काळं छापणारी सीटीबी, लावूनही एखादी केशरी किंवा जांभळी रेषा रंगीतच येते? तिला ट्रू कलर, म्हणजे क्रमांकाच्या यादीबाहेरचा रंग, दिलेला असतो. सीटीबीचा हुकूम फक्त १ ते २५५ या क्रमांकाच्या रंगांवर चालतो, ट्रू कलर तिला जुमानत नाही. इंटिरिअरवाल्यांकडून आलेल्या ब्लॉकांमध्ये हे हमखास सापडतं.

आणि ड्रॉइंग उघडायलाच मिनिटभर लागत असेल, तर पेज सेटअपमध्ये आता अस्तित्वात नसलेला नेटवर्कवरचा प्रिंटर अडकलेला आहे का पाहा. ऑटोकॅड त्याला शोधत बसतं. पेज सेटअप मॅनेजरमध्ये जाऊन बिनकामाचे सेटअप काढा आणि उरलेल्यांचा प्लॉटर बदलून ‘नन’ करा.

प्रकल्पासाठी वेगळं प्रोफाइल : हे करून पाहिलं आणि सोडलं

सामायिक आणि प्रकल्पाचं सेटिंग वेगळं ठेवायचं म्हटल्यावर पहिला विचार सगळ्यांच्या मनात हाच येतो. ऑप्शन्समध्ये (ऑटोकॅडच्या सेटिंगच्या खिडकीत) प्रत्येक प्रकल्पासाठी एक प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा संच, करायचं, त्यात त्या प्रकल्पाच्या फोल्डरचे मार्ग द्यायचे, आणि डेस्कटॉपवर त्या प्रोफाइलनं ऑटोकॅड उघडणारा शॉर्टकट ठेवायचा. कागदावर फार छान दिसतं. आम्ही दोन महिने चालवलं.

अडचण अशी की एक ड्राफ्ट्समन दिवसभर एकाच प्रकल्पावर नसतो. सकाळी अंबडच्या शेडचं काम, अकरा वाजता सर सांगतात इंदिरानगरच्या बंगल्याची एक प्रिंट दे, तो फाइलीवर डबल-क्लिक करतो आणि ती आधीच चालू असलेल्या ऑटोकॅडमध्ये, म्हणजे अंबडच्या प्रोफाइलमध्ये उघडते. दोन्ही प्रकल्पांच्या फोल्डरात एकाच नावाची सीटीबी असली, की बंगल्याला शेडच्या जाड्या लागतात. घोळ जिथून सुरू झाला तिथेच आम्ही परत आलो, फक्त आता प्रोफाइलही सांभाळायचं होतं. जिथे एक माणूस महिनोन् महिने एकाच मोठ्या प्रकल्पावर बसतो तिथे ही पद्धत चालत असेल. आमच्यासारख्या ऑफिसात नाही.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली. फोल्डर बदलून फरक दाखवायचा नाही, फाइलीच्या नावातच दाखवायचा. ड्रॉइंगला फक्त नाव कळतं, तर नावच असं असू द्या की ते दुसऱ्या कशाचं असूच शकणार नाही.

आता काय करतो

सर्व्हरवर एकच मूळ फोल्डर आहे. त्यात तीन उपफोल्डर: प्लॉटर, पीएमपी आणि स्टाइल. लिहिण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे आणि आमच्या सीनियर ड्राफ्ट्समन दादांकडे, बाकी सगळ्यांना वाचण्याचा. संगणक सुरू झाला की एक छोटी बॅच फाइल रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करणारी आज्ञा) वापरून हा फोल्डर प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवर, सगळीकडे अगदी त्याच नावाच्या आणि त्याच जागेच्या फोल्डरात उतरवते. रोबोकॉपीचा मिरर पर्याय वापरताना नीट ध्यानात घ्या: मूळ ठिकाणी नाही ते तो खालच्या ठिकाणी पुसून टाकतो. कुणी स्वतःची फाइल तिथे ठेवली असेल तर ती जाईल. आम्हाला तेच हवं होतं, पण ते सगळ्यांना आधी सांगून मगच चालू केलं.

थेट सर्व्हरचा मार्ग का दिला नाही? दादा लॅपटॉप घेऊन साइटवर जातात. तिथे सर्व्हर नाही, मग एकही सीटीबी सापडत नाही. शिवाय नेटवर्क गेलं की प्लॉटची खिडकी अडकून बसते. सी ड्राइव्हवर प्रत असली की दोन्ही प्रश्न मिटतात.

मग ऑप्शन्स, ‘फाइल्स’, त्यातला प्रिंटरच्या मदत फाइलींचा गट. तिथले तीनही मार्ग, म्हणजे प्लॉटरचा, पीएमपीचा आणि प्लॉट स्टाइलचा, या सी ड्राइव्हवरच्या फोल्डरांवर नेले. इथे एकाहून जास्त मार्ग देता येतात आणि ऑटोकॅड वरून खाली क्रमानं शोधत जातं. बरेच जण आपला फोल्डर वर आणि मूळचा रोमिंगमधला खाली असं ठेवतात. मी मूळचा काढूनच टाकला. तो राहू दिला तर फाइल आपल्या फोल्डरात नसली तरी खालून जुनी कुठलीतरी सापडते आणि प्रिंट निमूटपणे चुकीची निघते. काढून टाकला तर ऑटोकॅड लगेच दाखवतं की ही फाइल सापडत नाही. चुकीची प्रिंट निघण्यापेक्षा प्रिंट न निघालेली मला हजार वेळा परवडते. फक्त काढण्याआधी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंगची फाइल) टू पीडीएफची पीसी३ आणि मोनोक्रोमची सीटीबी या नेहमीच्या फाइली आपल्या फोल्डरात आणून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळं ऑफिस तुमच्या टेबलापाशी येईल.

नावाचा नियम सरळ आहे. ऑफिसच्या फाइलींच्या पुढे ‘सा’, म्हणजे सामायिक. प्रकल्पाच्या फाइलींच्या पुढे प्रकल्पाचा क्रमांक. आणि शेवटी आवृत्तीचा आकडा. एकदा प्रिंट बाहेर गेली की त्या नावाच्या फाइलीत बदल करायचा नाही. आठ नंबरची छटा ४० वरून ३० करायची असेल तर ‘सा-काळी-०३’ तशीच ठेवून ‘सा-काळी-०४’ करायची. दोन वर्षांनी कुणी जुन्या शीटची प्रत मागितली तर ती तेव्हासारखीच आली पाहिजे, एवढ्यासाठी.

एक सवय मात्र सगळ्यांना हातात धरून लावावी लागली. प्लॉटच्या खिडकीतून प्लॉटरच्या गुणधर्मांत जाऊन काही बदललं, की ऑटोकॅड विचारतं: हा बदल फक्त या प्रिंटपुरता ठेवू, की पीसी३ फाइलीत साठवू? घाईत दुसरं निवडलं जायचं आणि पीसी३ कायमची बदलायची. आता मूळ फोल्डर सर्व्हरवर सुरक्षित आहे, स्थानिक प्रत कुणी बदलली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत मूळपदावर येते. तरीही पहिलाच पर्याय निवडायचा, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते.

ऑप्शन्समध्येच ‘प्लॉट अँड पब्लिश’ या पानावर सिस्टिम प्रिंटर लपवण्याची एक चौकट आहे. ती टिचकी मारून टाका. मग यादीत फक्त आपल्या पीसी३ दिसतात. कुणी चुकून विंडोजमधला प्रिंटर थेट निवडण्याचा प्रश्नच उरत नाही.

कागदाचा आकार पुन्हा पुन्हा का हरवतो

आता पीएमपी. आमच्याकडे रस्त्याच्या आणि ड्रेनेजच्या लांब सेक्शनसाठी ८४१ बाय १८०० मिलिमीटरचा एक कागद बनवलेला आहे. ३६ इंची रोल ९१४ मिलिमीटरचा असतो, त्यात ८४१ आरामात बसतो. हा आकार माझ्या संगणकावर दिसायचा, शेजारच्यांकडे दिसायचा नाही. पीसी३ कॉपी केली तरी नाही. ड्रॉइंग उघडलं की ‘हा आकार या प्लॉटरला चालत नाही’ अशा अर्थाचा निरोप यायचा आणि लेआउट गुपचूप दुसऱ्याच कागदावर जाऊन बसायचा. चौकटीचा उजवा हात कापलेला, टायटल ब्लॉक अर्धा.

कारण असं की आकार पीसी३मध्ये नसतो, पीएमपीत असतो, आणि पीसी३मध्ये त्या पीएमपीचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. मी माझ्या खात्यातून बनवली म्हणून मार्गात माझं लॉगिनचं नाव. ते फोल्डर शेजारच्या संगणकावर असणार कुठून?

दुरुस्ती अशी: पीएमपी आपल्या सामायिक फोल्डरात ठेवा. ‘प्लॉटरमॅनेजर’ टाइप करा, पीसी३वर डबल-क्लिक करा. उपकरणाच्या आणि कागदपत्राच्या सेटिंगचं पान उघडा, यादीत सगळ्यात खाली वापरणाऱ्यानं बनवलेल्या कागदांचा आणि कॅलिब्रेशनचा भाग आहे, त्यात पीएमपी फाइलीचं नाव. तिथे ‘अटॅच’ करून सामायिक फोल्डरातली पीएमपी जोडा आणि मग सेव्ह करा. पीसी३ सर्व्हरवर नेण्याआधी हे करा. सी ड्राइव्हवरचा फोल्डर सगळ्या संगणकांवर एकाच जागी, एकाच नावानं ठेवण्याचा मी इतका आग्रह धरते तो यासाठी. मग पीसी३मधला मार्ग नऊच्या नऊ ठिकाणी खरा ठरतो.

पीडीएफमध्ये ए१ची चौकट कडेनं कापली जात असेल तर मात्र पीएमपीच्या वाटेला जाऊ नका. यादीत ‘आयएसओ फुल ब्लीड ए१’ असा आकार आहे, तो घ्या. साध्या ए१ला समास असतात, याला नसतात.

प्रकल्पाचं म्हणून खरंच काय वेगळं लागतं

मी सगळ्या चालू प्रकल्पांच्या सीटीबी पाहिल्या तेव्हा कळलं की बहुतेक वेगळेपण उगाच होतं. ए३वर तपासणीची प्रिंट काढताना रेषा जाड येतात म्हणून तीन जणांनी अर्ध्या जाडीच्या तीन सीटीबी केल्या होत्या. ए१ ते ए३ म्हणजे लांबी-रुंदी बरोबर अर्धी. लेआउटच्या पेज सेटअपमध्ये रेषांची जाडी प्रमाणात बदलण्याची चौकट आहे, ती चालू करून १:२ला काढा, सीटीबी तीच राहते. तीनही फाइली काढून टाकल्या.

खरं वेगळेपण मला दोनच ठिकाणी सापडलं. एक म्हणजे सातपूर-अंबडच्या ज्या कारखान्यांची स्वतःची ड्रॉइंगची मानकं असतात ती कामं. तिथे त्यांची सीटीबी जशी आली तशी, फक्त पुढे आमचा प्रकल्प क्रमांक लावून ठेवतो.

दुसरं म्हणजे मंजुरीचे नकाशे. हे आपल्याकडच्या प्रत्येक आर्किटेक्टच्या ऑफिसला लागतं. मंजुरीच्या नकाशात रंगांना अर्थ असतो: प्लॉटची हद्द जाड काळी, प्रस्तावित बांधकाम लाल भरलेलं, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेषांचं, ड्रेनेज लाल तुटक, अस्तित्वातला रस्ता हिरवा. साइटच्या शीटमध्ये मात्र सगळं काळं हवं. एकाच ड्रॉइंगमधून दोन्ही काढायचं असतं. आमच्याकडे १ नंबरचा लाल ही परिमाणांची बारीक रेषा. मंजुरीच्या सीटीबीत लाल लालच ठेवला की सगळी परिमाणंही लाल यायची. म्हणून दर प्रकल्पात कुणीतरी लेयरचे रंग बदलायचं आणि मग साइटची प्रिंट बिघडायची.

यावर दादांनी सुचवलेला तोडगा मला फार आवडला. ऑटोकॅडच्या रंगांत १० नंबर हा अगदी १ सारखाच शुद्ध लाल आहे, ५० हा २ सारखाच पिवळा, आणि ९० हा ३ सारखाच हिरवा. पडद्यावर फरक कळत नाही, पण सीटीबीसाठी ते वेगळे क्रमांक आहेत. आम्ही मंजुरीच्या लेयरना १०, ५० आणि ९० राखून ठेवले. ‘सा-मंजुरी-०१’मध्ये हे तीन रंग जसेच्या तसे छापले जातात, बाकी सगळे काळे. ‘सा-काळी’मध्ये सगळेच काळे. जे प्रकल्पाचं वेगळं सेटिंग वाटत होतं ते सामायिक झालं, आणि लेयरला कुणी हात लावत नाही.

पेज सेटअप मात्र प्रकल्पाचेच ठेवतो. प्रत्येक प्रकल्पाच्या टेम्प्लेटमध्ये तीन नावांचे सेटअप: साइट ए१, मंजुरी ए१, तपासणी ए३. जुन्या ड्रॉइंगमध्ये ते ‘पीसेटअपइन’नं टेम्प्लेटमधून आणता येतात. पब्लिश करताना, म्हणजे अनेक शीट एकदम काढताना, पेज सेटअपच्या रकान्यातूनही आणता येतात. आणि शीट सेट (अनेक शीट एकत्र सांभाळण्याची सोय) वापरत असाल तर शीट सेटच्या गुणधर्मांत पेज सेटअपसाठी टेम्प्लेट जोडायची सोय आहे. एकेकट्या लेआउटमध्ये हातानं सेटिंग बदललं तर ‘अप्लाय टू लेआउट’ दाबल्याशिवाय ते लेआउटमध्ये राहत नाही, हेही लक्षात असू द्या. ‘मी काल बरोबर काढली होती’ असं म्हणणारा बहुधा खरंच बोलत असतो. त्यानं फक्त ते बटण दाबलेलं नसतं.

बाहेरचे आणि बाहेर जाणारे

सिंहस्थ २०२७च्या कामांमुळे सध्या बाहेरच्या सल्लागारांची ड्रॉइंग खूप येतात. ती उघडली की त्यांच्या सीटीबीचं नाव आपल्याकडे सापडत नाही. तिथे अंदाजानं आपली लावू नका, त्यांना ई-ट्रान्समिट करून (ड्रॉइंगला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधण्याची ऑटोकॅडची सोय) पाठवायला सांगा, त्यात सीटीबी बरोबर येते. आपण पाठवताना ई-ट्रान्समिटच्या सेटिंगमध्ये प्लॉटर ‘नन’ करण्याचा पर्याय चालू ठेवतो, म्हणजे समोरच्याच्या संगणकाला आपला प्लॉटर शोधत बसावं लागत नाही. लांब कागदाचं शीट असेल तर पीसी३ आणि पीएमपी हातानं जोडायच्या.

आमचे एक बाहेरचे ड्राफ्ट्समन झेडडब्ल्यूकॅड या ऑटोकॅडसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतात. आमच्या सीटीबी त्यांच्याकडे चालतात, पण त्यांच्या प्लॉटर फाइली पीसी५ असतात, आपल्या पीसी३ तिथे तशाच चालतील असं धरू नका. त्यांना आम्ही फक्त स्टाइलचा फोल्डर देतो आणि अंतिम पीडीएफ ऑफिसातूनच काढतो.

प्लॉटिंग सेंटरला डीडब्ल्यूजी देणं आम्ही बंद केलं. फक्त पीडीएफ, आणि सोबत ‘शंभर टक्के, फिट टू पेज नको’ असं तोंडी नव्हे, लिहून.

शेवटचं, चाचणी शीट. एक ए१ ड्रॉइंग केलंय. त्यात आमच्या वापरातल्या प्रत्येक रंगाची एकेक रेषा, शेजारी क्रमांक आणि अपेक्षित जाडी, मंजुरीचे तीन रंग, एक ट्रू कलरची पट्टी, आणि कडेला १०० मिलिमीटरची मोजपट्टी. संगणक फॉरमॅट झाला, आवृत्ती बदलली, नवा माणूस आला, की तिथून हे शीट काढायचं, पट्टी स्केलनं मोजायची आणि भिंतीवर लावलेल्या मूळ प्रतीशेजारी धरायचं. खालच्या उजव्या कोपऱ्यात फुटिंगचा छोटा सेक्शन आहे, काँक्रीटच्या हॅचवर १५० लिहिलेलं. तो आकडा हातभर अंतरावरून नीट वाचता आला, तरच त्या संगणकावरून साइटला शीट जातं.